दीड वर्ष उभं राहिलेलं मोटारहोम: मेसा, ॲरिझोना इथल्या सात टायरांचं प्रकरण

एप्रिल २०२२ मध्ये माझ्या मामा-मामींनी त्यांचं मोटारहोम फिनिक्सशेजारच्या मेसा शहरातल्या एका उघड्या स्टोरेज यार्डात लावलं आणि ते सांगलीला गेले. बेत सहा महिन्यांचा होता. तिथे मामींच्या आईंचं आजारपण लांबलं, मग घराच्या कागदपत्रांची कामं निघाली, आणि परत यायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. मधले दोन उन्हाळे गाडी जागची हलली नव्हती.

त्यातला दुसरा उन्हाळा साधा नव्हता. ३० जून ते ३० जुलै २०२३ असे सलग ३१ दिवस फिनिक्समध्ये पारा रोज ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३.३ अंश सेल्सिअसला, पोचला किंवा त्याच्या वर गेला. रात्री धरूनही त्या जुलैचं सरासरी तापमान ३९ अंशांच्या वर होतं. डांबरी जमीन अशा दुपारी ७० अंशांपलीकडे तापते, आणि यार्डातली जमीन डांबरीच होती.

गाडी २०१५ च्या मॉडेलची, मामांनी २०२० मध्ये सेकंडहँड घेतलेली. फोर्ड ई-४५० च्या चासीवर बांधलेलं घर, चालकाच्या केबिनवर पुढे आलेला पलंग, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं. म्हणजे जमिनीवर सहा टायर आणि मागे टांगलेली एक स्टेपनी. साइझ एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज (भार पेलण्याची प्रत) ई. या टायरला ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवेवर एकटा असेल तर १,२१५ किलो आणि जोडीत असेल तर १,१२० किलो वजन पेलता येतं. हे दोन आकडे पुढे कामाला येणार आहेत.

मी रबराच्या सील आणि गॅस्केटच्या कामात आहे, राहायला जवळच. म्हणून मामांनी यार्डात जाताना मला बरोबर घेतलं. बॅटऱ्या, गॅस, छताची गळती हे त्यांच्या काळजीचे विषय होते. टायरांबद्दल ते निश्चिंत होते. "अरे, नक्षी बघ. अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. किती चाललीय ही गाडी?" असं ते म्हणाले, आणि नक्षीपुरतं ते बरोबरच होतं. ज्या वाहनाचे टायर झिजून संपतात त्याचा मालक नक्षीकडे बघतो. मोटारहोमचे टायर बहुतेक वेळा झिजून संपतच नाहीत. ते उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी त्याबद्दल एक अक्षरही सांगत नाही, आणि या प्रकरणातली सगळी गोष्ट याच एका मुद्द्याभोवती फिरते.

काय दिसलं

गाडीचं तोंड उत्तरेला होतं. त्यामुळे डावी बाजू पश्चिमेला, मोकळ्या रस्त्याकडे आली होती. उजवीकडे एक उंच ट्रेलर खेटून उभा होता, त्याची सावली त्या बाजूला पडत असे. टायरांवर कव्हर नव्हती आणि चाकांखाली काहीही घातलेलं नव्हतं.

डाव्या पुढच्या आणि डाव्या बाहेरच्या टायरवर दोन वेगवेगळ्या प्रकारच्या चिरा होत्या. एक प्रकार बारीक जाळीसारखा, टायरच्या पश्चिमेकडच्या सगळ्या भिंतीवर, म्हणजे बाजूच्या रबरावर, गोलाकार पसरलेला. दुसरा प्रकार फक्त खाली, जिथे टायर वजनाने फुगून बाहेर आला होता त्या पट्ट्यात. या चिरा लांब, एकमेकींना समांतर आणि जास्त खोल होत्या. उजवीकडच्या बाहेरच्या दोन टायरांवर जाळी अगदी विरळ होती, खालच्या चिरा नखाला जेमतेम लागत होत्या. मागची आतली दोन्ही चाकं टॉर्चच्या उजेडात अगदी काळीभोर, तुकतुकीत दिसली. एकही चीर नाही.

मामींनी ती बघून सुटकेचा नि:श्वास टाकला. म्हणाल्या, "चला, हे दोन तरी वाचले."

मग गेज लावला. नोव्हेंबरची सकाळ, टायर थंड, तापमान १२ अंशांच्या आसपास. पुढचे दोन ६० आणि ६१. उजवा बाहेरचा ५८, उजवा आतला ५४. डावा बाहेरचा ५७. डावा आतला ३१.

दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर मागच्या चाकांसाठी ८० लिहिलेलं होतं.

त्यानंतर मी गाडीखाली शिरून टायरांवरचे कोड वाचले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टायरवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे तो कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला ते. बऱ्याच टायरांवर हे चार आकडे एकाच भिंतीवर असतात आणि ती भिंत नेमकी आतल्या बाजूला बसवलेली असते. त्यामुळे जमिनीवर पाठ टेकल्याशिवाय ते वाचताच येत नाहीत. पुढचे दोन आणि मागचे बाहेरचे दोन टायर २३१९ चे निघाले, म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातले. आतले दोन आणि स्टेपनी मात्र ३२१४ ची. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हापासूनची.

चित्र स्पष्ट झालं. आधीच्या मालकाने गाडी विकायच्या सुमारास दिसणारे चार टायर बदलले होते आणि न दिसणारे तीन तसेच ठेवले होते. चिरा पडलेले चार टायर साडेचार वर्षांचे होते. काळेभोर, तुकतुकीत दिसणारे दोन नऊ वर्षांचे होते, आणि त्यातल्या एकात निम्मीही हवा नव्हती.

चिरा कुठून आल्या

टायरच्या भिंतीचं रबर मुख्यतः नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाईन यांचं मिश्रण असतं. या दोन्हींच्या साखळ्यांमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात, आणि ओझोन नेमका या बंधांवर तुटून पडतो. रबर सैल असेल तर पृष्ठभागावर एक पातळ थर खराब होऊन प्रकरण तिथेच थांबतं. रबर ताणलेलं असेल तर तुटलेली जागा उघडते, आतलं ताजं रबर उघडं पडतं, ओझोन पुन्हा ते खातो आणि चीर खोल जाते. कपाटातल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्याला लावलेला रबरबँड कोपऱ्यावर, जिथे ताण जास्त तिथेच तुटतो, तसंच.

उभ्या गाडीच्या टायरचा खालचा फुगवटा म्हणजे कायम ताणलेलं रबर. हवा कमी असेल तितका फुगवटा मोठा, तितका ताण जास्त. गाडी चालत असते तेव्हा हा ताण सगळ्या घेरात वाटला जातो, प्रत्येक जागेला क्षणभरच येतो. एकोणीस महिने गाडी उभी असेल तर तो एकाच हातभर पट्ट्यावर पडून राहतो. डावीकडच्या समांतर चिरा फक्त तिथेच होत्या, यावरून त्या उभ्या काळातल्याच आहेत हे सांगता आलं. वरची गोलाकार जाळी उन्हाची. फिनिक्सची गंमत अशी की ऊन असतं तिथेच ओझोनही असतो: वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि हवेतली सेंद्रिय वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. फिनिक्स जिच्यात येतं ती मॅरिकोपा काउंटी ओझोनच्या केंद्रीय मानकात बसत नाही, हे जुनं दुखणं आहे.

कारखानेही हे जाणून आहेत. म्हणून रबरात मेण आणि ६पीपीडी नावाचं ओझोनविरोधी रसायन घातलेलं असतं. ती दोन्ही हळूहळू आतून पृष्ठभागाकडे झिरपत येतात आणि रबरावर संरक्षक थर धरतात. जुन्या टायरवर दिसणारी तपकिरी झाक ती हीच. लोक तिला मळ समजून ब्रशने घासून काढतात, वर पेट्रोलियमवर आधारलेलं चकाकीचं द्रव्य चोपडतात आणि टायरचं कवच स्वतःच्या हाताने धुऊन टाकतात. टायर वळत-वाकत राहिला की हे झिरपणं चालू राहतं. टायर स्थिर उभा राहिला की मंदावतं. टायर वापरात असेल तर जास्त टिकतो या जुन्या ड्रायव्हरांच्या म्हणण्यामागे हे रसायन आहे.

(याच ६पीपीडीबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. ओझोनशी झुंजताना त्याचं जे क्विनोन नावाचं संयुग बनतं, ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन कोहो सॅमन मासे मारतं, हे वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिलं. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये अशा टायरांसाठी पर्याय शोधणं उत्पादकांवर बंधनकारक केलं. आपल्या टायरला वाचवणारा पदार्थ नदीला मारतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. टायर मुदतीआधी फेकावे लागू नयेत म्हणून त्यांची निगा राखायची, त्याला हेही एक कारण आहे.)

आतल्या टायरांवर चिरा का नव्हत्या, याचं उत्तर आता सोपं आहे. त्यांच्यावर ऊन पडलंच नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंना सावली होती. पण उष्णता सावलीतही पोचते, आणि उष्णतेने होणारं नुकसान बाहेरून दिसत नाही.

न दिसणारं नुकसान

टायरच्या आत दाबाखाली हवा असते आणि त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो आतून बाहेर झिरपत राहतो आणि वाटेत नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांभोवतीच्या रबराशी संयोग पावत जातो. ते रबर कडक, ठिसूळ होतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की असल्या क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. अशा टायरची नक्षी कोरी असू शकते, भिंत स्वच्छ असू शकते, आणि महामार्गावर तासाभराने पट्ट्यांवरचा सगळा थर सोलून निघू शकतो.

या गोष्टीचा सगळ्यात मोठा पुरावा फिनिक्सचाच आहे. अमेरिकेच्या केंद्रीय रस्ता सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, टायर म्हातारे कसे होतात याचा अभ्यास करताना वापरातले टायर मुद्दाम फिनिक्समधून गोळा केले होते, कारण इथली उष्णता हा प्रवास लवकर घडवते. त्या अभ्यासातून दिसलं की न वापरलेल्या स्टेपन्याही गाडीला लागलेल्या असताना कमजोर होतात. पुढे याच संस्थेने एका विमा कंपनीच्या २००२ ते २००६ च्या नोंदी प्रसिद्ध केल्या: टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच राज्यांत तिचे २७ टक्के ग्राहक होते, पण टायरच्या दाव्यांतले ७७ टक्के तिथून आले होते, आणि त्यातले ८४ टक्के दावे सहा वर्षांहून जुन्या टायरांचे होते.

मामांनी इथे सुचवलं होतं की डावा आतला काढून टाकू आणि त्याजागी स्टेपनी लावू, ती तर कधी जमिनीला लागलीच नाही. हा विचार कुणालाही सुचेल. पण स्टेपनीसुद्धा ३२१४ चीच होती आणि तिनेही फिनिक्सचे तेच उन्हाळे पाहिले होते, तेही दाबाखाली हवा भरलेल्या स्थितीत.

हवा कुठे गेली

३१ चा आकडा सोडला तरी बाकीचे पाचही ६० च्या आसपास होते. त्यांना कुठे भोक नव्हतं. मामांनी गाडी लावली ती फ्लॅगस्टाफच्या सहलीवरून थेट आणून. दुपारच्या उन्हात, रस्त्यावर तापलेल्या टायरांवर गेज लावलं, काटा ८० च्या वर दिसला म्हणून थोडी हवा सोडून सगळे ८० वर आणले. चालून तापलेला टायर थंड असतानापेक्षा सहज दहा पीएसआय जास्त दाखवतो, त्यामुळे ते ८० प्रत्यक्षात सत्तरच्या घरातले होते. पुढे प्रत्येक टायरमधून थोडी थोडी हवा रबरातूनच निघून जाते. आतल्या अंगाला ब्युटाइल रबराचं अस्तर असतं, ते हा वेग कमी करतं, थांबवत नाही. महिन्याला एक पीएसआयच्या आसपास घट हा निरोगी टायरचाही हिशेब आहे.

त्यात ऋतूंची भर. ३५ अंशांना भरलेलं ८० पीएसआय, हवा अजिबात न गळता, ५ अंशांच्या पहाटे ७१ च्या आसपास येतं. हिवाळ्यात गाडी बाहेर काढणाऱ्याला वाटतं टायर गळतोय, उन्हाळ्यात वाटतं जास्त भरलाय. दोन्ही वेळा हवा तेवढीच असते.

डाव्या आतल्याची गोष्ट निराळी निघाली. जोडचाकातल्या आतल्या टायरच्या वॉल्वपर्यंत हात पोचत नाही म्हणून बाहेरच्या चाकातून एक लवचिक नळी आणलेली असते. तिच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे आले. इतक्या बारीक गळतीने टायर एका रात्रीत बसत नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही. आणि जोडीतला दुसरा टायर गाडी तोलून धरतो, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला गाडी एका बाजूला झुकलेलीही दिसत नाही. पंक्चरवाले चाकावर हातोडी मारून आवाजावरून अंदाज घेतात. त्या पद्धतीने पूर्ण बसलेला टायर कळतो, ३१ आणि ५७ मधला फरक खात्रीने कळत नाही. गेज लावण्याला पर्याय नाही.

आता ते दोन आकडे. गाडी भरलेली असताना तिच्या मागच्या आसावर (ॲक्सलवर) सुमारे ४,०५० किलो भार येतो. म्हणजे एका बाजूच्या जोडीवर २,०२५. दोन टायरांनी मिळून २,२४० पेलायची तयारी ठेवलेली. त्यातला एक ३१ वर असेल तर बहुतेक भार बाहेरच्यावर जातो, आणि बाहेरचा एकटा पूर्ण हवेतही १,२१५ च्या वर पेलू शकत नाही. इथे तर तो ५७ वर होता, चिरलेला होता.

मामांचं म्हणणं होतं की कॉम्प्रेसरने हवा भरू आणि गल्लीबोळांतून हळूहळू टायरच्या दुकानापर्यंत नेऊ. मी ठाम नाही म्हटलं. टायर व्यवसायातला सर्वमान्य नियम असा की ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांच्या खाली चाललेला टायर हवेविना चाललेला समजायचा आणि रिमवरून उतरवून तपासल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही. ८० चे ८० टक्के म्हणजे ६४. सहापैकी एकही टायर ६४ वर नव्हता. ते चालले नव्हते हे खरं, पण वजनाखाली दुमडून महिनोन्महिने उभे होते, आणि आतल्या दोघांचं वय नऊ होतं. दुकानाचं अंतर किती हा प्रश्न इथे गौण ठरतो. फिरत्या टायर सेवेची गाडी यार्डातच बोलावली.

उतरवल्यावर डाव्या आतल्याच्या अस्तरावर, खालच्या भागात, दुमडीची एक पांढुरकी रेघ बोटभर लांबीची दिसली. बाहेरून त्या जागी काहीच नव्हतं. तो टायर भरून रस्त्यावर आणला असता तर काय झालं असतं याचा अंदाज टायरवाल्याने एका शब्दात दिला, आणि मामा त्यानंतर दुकानापर्यंत न्यायचं काही बोलले नाहीत.

किती टायर बदलायचे यावर मात्र बराच वेळ बोलणं झालं. चिरांची खोली हा साधारण निकष असतो: ०.८ मिलिमीटरपेक्षा उथळ असतील तर लक्ष ठेवायचं, १.६ च्या वर गेल्या तर टायर लगेच काढायचा. डावा पुढचा आणि डावा बाहेरचा या दोन आकड्यांच्या मध्ये होते, काही ठिकाणी १.६ ला टेकलेले. ते गेले. आतले दोन आणि स्टेपनी वयामुळे गेले. उरले उजवा पुढचा आणि उजवा बाहेरचा, दोन्ही खरोखर बऱ्या अवस्थेत. पण जोडचाकात दोन टायरांच्या व्यासात ६ मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही, नाहीतर मोठा टायर भार ओढतो आणि लहान घासत जातो. नव्या आतल्याशेजारी अर्धा झिजलेला बाहेरचा बसवण्यात शहाणपण नव्हतं. पुढच्या आसावरही जोडी सारखी हवी. शेवटी सहा नवे घेतले, आणि उजवा पुढचा आतून तपासून स्टेपनी म्हणून ठेवला. लवचिक नळ्या काढून टाकल्या, त्यांच्याजागी धातूचे लांब वॉल्व बसवले. साधे रबरी वॉल्व ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात, ते ८० च्या टायरला लावायचेच नाहीत.

पुढच्या वेळी काय केलं

मे २०२४ मध्ये मामा-मामी पुन्हा सांगलीला निघाले, परतीचं तिकीट ऑक्टोबरचं. या वेळी गाडी लावण्यात आम्ही एक पूर्ण सकाळ घालवली. सगळ्यात मोठा निर्णय त्याआधीच झाला होता: उघड्या यार्डाऐवजी छप्पर असलेली जागा, भाडं जास्त असूनही. माझं मत इथे पक्कं आहे. कव्हर, फवारे, मेण या सगळ्यांपेक्षा सावली मोठी. कव्हरने ऊन अडतं, पण तापलेली जमीन आणि गाडीच्या पत्र्यावरून येणारी झळ अडत नाही. छपराखाली दोन्ही कमी होतं. जिथे छप्पर मिळत नाही तिथे पांढरी कव्हर घालावीत, आणि गाडी अशी लावावी की दक्षिण-पश्चिमेचं ऊन सहापैकी कमीत कमी टायरांवर येईल.

गाडी आदल्या संध्याकाळीच आणली, म्हणजे टायर रात्रभर थंड झाले. महामार्गावरून आलेला गरम टायर तसाच वजनाखाली उभा केला तर त्यातले नायलॉनचे धागे थंड होताना तो चपटा आकार धरून ठेवतात. सकाळी आधी दोन-तीन मीटर हलवून मग कायमच्या जागी घेतली.

वजन उतरवलं. गोड्या पाण्याची टाकी जवळजवळ दीडशे लिटरची, मागच्या आसाच्या जवळ. ती रिकामी केली. फिनिक्समध्ये पाणी गोठायची भीती नसते म्हणून लोक टाकी भरलेलीच ठेवतात आणि दीडशे किलो महिनोन्महिने टायरांवर बसून राहतं. डबाबंद सामान, हत्यारांची पेटी, मामांच्या ओतीव लोखंडाच्या कढया, सगळं घरी आलं.

टायर साध्या साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने धुतले, वर काहीही लावलं नाही. चाकांखाली जाड प्लायवूडच्या फळ्या घातल्या. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा: फळी टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागापेक्षा सगळ्या बाजूंनी मोठी हवी, आणि जोडचाकाखाली दोन्ही टायर एकाच फळीवर पूर्ण बसले पाहिजेत. अर्धा टायर फळीवर आणि अर्धा हवेत राहिला, किंवा फक्त बाहेरच्या चाकाखाली ठोकळा गेला, तर पट्ट्यांवर असा पीळ बसतो की त्यापेक्षा उघडी जमीन बरी.

हवा भरली ती सूर्य वर यायच्या आत, थंड टायरांत, सहाही ८० वर. गाडी उभी ठेवताना हवा कमी करावी असा सल्ला काही जण देतात. मला तो घातक वाटतो. कमी हवा म्हणजे मोठा फुगवटा, मोठा ताण, खोल चिरा. टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत भरून ठेवावं, त्याच्या वर जाऊ नये.

मामांनी विचारलं की समतोलाच्या जॅकवर सगळी गाडीच उचलून ठेवली तर? चाकांवरचा भार थोडा हलका करण्यापुरते जॅक टेकवायला हरकत नाही. पण मागची चाकं जमिनीवरून उचलायची नाहीत. हँडब्रेक धरतो ती मागचीच चाकं; ती हवेत गेली की गाडीला जागेवर धरून ठेवायला जॅकच्या पायांशिवाय काही उरत नाही. जॅक एखादा महिनोन्महिने दाब धरून राहील याची खात्रीही कोणी देऊ शकत नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी मी जाऊन आधी हवा बघत असे, कमी असेल ती भरत असे आणि मग गाडी बाहेर काढून अर्ध्या तासाची फेरी मारत असे. जागच्या जागी इंजिन चालवून टायरांना काहीच मिळत नाही. चाक पाव फेरा पुढे सरकवलं तर फुगवट्याची जागा बदलते, तेवढा फायदा होतो. खऱ्या रस्त्यावर टायर तापला, वाकला, तरच चपटेपणा निघतो आणि मेण वर येतं. ज्यांचा असा कोणी भाचा जवळ नाही त्यांनी ओळखीच्या माणसाकडे चावी द्यावी. यार्डवाले हे काम करत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये मामा-मामी परतले तेव्हा सहाही टायर ७४ ते ७८ च्या मध्ये होते, आतले दोन धरून. पहिल्या दोन-चार किलोमीटरला स्टिअरिंगमध्ये हलकी थरथर होती, टायर तापल्यावर गेली. भिंतींवर एकही चीर नव्हती, तपकिरी झाक मात्र आली होती. मामी फडकं घेऊन निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं.

भारतातल्या वाचकांसाठी यातलं बरंच जसंच्या तसं लागू पडतं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ही वाहनं हंगामापुरती चालतात आणि एरवी उभी असतात. पुण्या-नागपुरातल्या सोसायट्यांत मुलांकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांच्या गाड्या सहा-सहा महिने उन्हात असतात. आपल्याकडच्या टायरांवरही आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात. सेकंडहँड गाडी घेताना ते सगळ्या चाकांवर, स्टेपनीसकट, वाचावेत. विकणाऱ्याने दिसणारे टायर बदलले असतील तर खरं वय न दिसणाऱ्यांवरच सापडतं.

मामांच्या नव्या टायरांवर ३८२३ आहे. मिशेलिनचा सर्वसाधारण सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनी टायर कसाही दिसत असला तरी काढावा. फिनिक्सच्या उष्णतेत मला दहा हा आकडा फार सैल वाटतो. मामांशी बोलून आम्ही सात ठरवले आहेत: २०३० च्या उन्हाळ्याआधी हे सहाही टायर एकदम बदलायचे, नक्षी कितीही शिल्लक असली तरी. स्टेपनी म्हणून ठेवलेला २३१९ मात्र याच हिशेबाने २०२६ मध्येच सात वर्षांचा होतो, म्हणून बदलायची सुरुवात त्याच्यापासून.